न ऐकलेल्यांच्या सावल्या

दिवा बारीक केलाय. पाय पांघरुणात घ्या. सुमे, बाळ्याला ढकलू नकोस. लोणच्याची बरणी कुणी फोडली ते मागाहून बघू. आता गोष्ट.

एकदा काय झालं, एका राज्यात तळ्याचं पाणी काळं पडलं. काळं म्हणजे अगदी काजळीसारखं. ते पाणी राजाची लेक प्यायली, शेवंता तिचं नाव, आणि तिची वाचाच गेली. सहा वर्षांची पोर. ओठ हलायचे, पण आवाज नाही. राजाचा जीव तिच्यात अडकलेला. तो म्हणाला, "तळं ज्यानं नासवलं त्याला भुयारात घालीन आणि तोंडावर शिळा ठेवीन." बापाचं काळीज आहे, त्याचा दोष नाही. दोष पुढं आहे.

त्या राज्यात न्याय कसा व्हायचा ते ऐका. वेशीबाहेर एक सपाट दगड होता. त्यावर न्यायाधीश बसायचे, कोनेरपंत. समोर पाण्यानं भरलेलं गंगाळ. त्यात तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू वर चढायचं, मग वाटी बुडायची. ती बुडेपर्यंत आरोपीनं बोलायचं आणि पंतांनी ऐकायचं. मध्ये कुणी ब्र काढायचा नाही. आणि दुसरी रीत अशी, की पंतांच्या पाठीमागं कुणी बसायचं नाही. राजानंसुद्धा नाही, बरं का!

पण राजाला कुठला धीर! त्यानं खिळा ठोकून वाटीचं भोक मोठं करून घेतलं. शिवाय आपली खुर्ची पंतांच्या पाठीमागं मांडली. सकाळचं ऊन मागून यायचं. राजाची सावली पंतांवर पडली आणि पंतांची सावली तिच्यात पार नाहीशी झाली. पंतांना दोन्ही गोष्टी दिसल्या. पण गप्प बसले. एवढा शिकलेला माणूस, पण भ्याला मेला.

मग पहिल्यांदा आणला धुळबा धनगर. त्याची मेंढरं तळ्यावर जायची ना! वाटी सोडली. धुळबा म्हणाला, "म्हाराज, पानी वरनं..." आणि गडप! वाटी बुडाली. मागून राजा खाकरला. पंत म्हणाले, "दोषी."

धुळब्याला नेलं, भुयारावर शिळा ठेवली. भाकरी टाकायला तेवढी एक फट. पण झालं काय, धुळबा गेला आणि त्याची सावली न्यायाच्या दगडासमोरच राहिली. माणूस नाही, नुसती सावली. तीही जमिनीवर आडवी नाही, उभी! आणि तिचा एक हात वर उचललेला.

तळ्याचं पाणी काळं ते काळंच. मग आणला राघू परीट. तो तळ्यावर कपडे धुवायचा. राघू म्हणाला, "पंत, ते वरनं येतंय..." गडप! राजा खाकरला. "दोषी." राघू भुयारात, आणि दगडासमोर दुसरी सावली. तिचाही हात वर.

भर दुपारी सगळ्यांच्या सावल्या पायाखाली जायच्या, या दोन मात्र उभ्याच. गाई तिथून पाऊल टाकीनात. कुत्री भुंकत नव्हती, लांब बसून नुसती बघत होती. जवळून गेलं की कानाशी कुणीतरी बोलायला तोंड उघडल्यासारखं वाटायचं, पण शब्द यायचाच नाही. हात कुठं दाखवताहेत, हे मात्र एकानंही वळून पाहिलं नाही. भ्यालेला माणूस खाली बघतो, वर नाही.

आणि पाणी? काळंच.

मग तिसऱ्यांदा आणली भिवरा रंगारीण. लुगडी रंगवायची ती. तिचं तान्हं पोर शेजारणीच्या कडेवर टाहो फोडत होतं. भिवरा शिळेखाली गेली तर त्या पोराचं कसं व्हायचं? पंतांनी मान वळवून राजाकडं पाहिलं. तशी भिवरा म्हणाली, "पंत, मागं नका बघू. माज्याकडं बघा."

पंतांनी तिच्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं, तर दगडाला सावली, गंगाळाला सावली, आणि आपल्याला नाहीच!

वाटी सोडली. पाणी भसकन वर आलं. आणि पंत दगडावरून खाली उतरले, गुडघे टेकले, गंगाळात हात घातला आणि वाटीच्या भोकाला खालून बोट लावलं. वाटी थांबली.

"बोल बाई," पंत म्हणाले. "माझं बोट आहे तोवर बोल."

राजा ओरडला, "पंत, बोट काढा! नाहीतर तुम्हीही भुयारात!"

"येतो महाराज. पण आधी हिचं ऐकून घेतो."

शिपाई धावले. तशा त्या दोन सावल्या सरकल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि शिपायांच्या वाटेत उभ्या राहिल्या. ज्याचा पाय सावलीत पडला तो गुडघ्यापर्यंत गार पडला. एकही पुढं सरकेना.

मग भिवरा बोलली. "पंत, माज्या रांजनात तीन म्हैने रंग न्हाई. त्यात कोंबडी अंडी उबवतीया, जाऊन बघा. पानी वरनंच काळं येतंय. नव्या तलवारींसाठी डोंगरावरची देवराई जाळून कोळशाच्या भट्ट्या लावल्यात. समदी राख झऱ्यात पडती. धुळबानं बघितलं, राघूनं बघितलं, म्या बघितलं. पन ऐकतंय कोन?"

तेव्हा कुठं लोकांनी सावल्यांच्या हाताकडं पाहिलं. हात डोंगराकडं होते, आणि डोंगरावर धूर.

पण पंत आता घाई करणारे नव्हते. आधी रांजण पाहिला, कोंबडीनं बोटाला चोच मारली. मग डोंगर चढले, झऱ्यात हात घातला, तो कोपरापर्यंत काळा झाला. खाली येऊन म्हणाले, "भिवरा निर्दोष. धुळबा निर्दोष, राघू निर्दोष. त्यांचं मी ऐकलं नाही, तो दोष माझा."

शिळा हटवली. दोघं डोळे चोळत बाहेर आले. सावल्या पळत गेल्या आणि आपापल्या माणसाच्या पायाला चिकटल्या. पंतांची सावलीही केव्हाच परत आली होती.

"भट्ट्या कुणाच्या हुकमानं लागल्या?" पंतांनी विचारलं.

राजा खुर्चीतून उठला आणि पुढं येऊन उभा राहिला. लोक ओरडले, "घाला ह्यालाच भुयारात!"

"थांबा," पंत म्हणाले. "त्याचंही ऐकायचं." आणि त्यांनी नवी वाटी आणवली, सुईच्या टोकाएवढ्या भोकाची.

वाटी सोडली. राजा म्हणाला, "माझं चुकलं." एवढंच. पण वाटी बुडेपर्यंत सगळे थांबले. कुणी ब्र काढला नाही.

मग पंतांनी निकाल दिला. भट्ट्या विझवायच्या आणि राजानं स्वतःच्या हातानं देवराई पुन्हा लावायची. राजानं खड्डे खणले, घागरीनं पाणी घातलं. तळं निवळलं. शेवंता ते पाणी प्यायली आणि जी बोलायला लागली, ती तीन दिवस थांबलीच नाही. आणि राजानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तिची वाचा आली, सगळी आपापल्या घरी सुखानं नांदली.

चला, डोळे मिटा. सुमे, तूसुद्धा. बाळ्या, तू जरा थांब. बरणी फुटली तेव्हा सगळे तुला बोलले, मीही बोलले. तुला कुणी विचारलंच नाही.

सांग बाबा. मी ऐकतेय.