पाठीमागून खो

"मग चुकलं कुठं माझं, अण्णा?"

भैरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून अण्णा गुरव कापसाच्या वाती वळत होते.

दिनकर त्यांच्यापुढं उभा होता. अण्णांनी दोनदा बस म्हटलं, तरी उभाच. याच देवळासमोरच्या मैदानात अण्णांनी त्याला लहानपणी खो-खो शिकवलेला. गावभर सर म्हणून मिरवणारा हा माणूस इथं आला की नुसता दिन्या व्हायचा, आणि ते काही त्याला फारसं मानवत नसे.

झालं होतं ते असं.

दिनकर सुट्टीत आळीतल्या पोरांचा खो-खो घ्यायचा. हौसेचा खेळ. सगळ्यांना खेळायला मिळेल, असं त्यानं एकेका आईला घरी जाऊन सांगितलेलं. पण सामना लागला की आत तीच ती ठरलेली पोरं, आणि त्यांत सगळ्यांच्या आधी त्याची भाची. उरलेल्यांनी कडेच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या. लोहारांची वेणू तर सबंध उन्हाळा त्या सतरंजीवर होती. तिची आई विचारायला आली तेव्हा सर म्हणाले होते, बघून बघून शिकेल की, घाई काय आहे एवढी?

शेवटचा सामना संपला, पोरं पांगली. वेणू गेली नाही. रिकाम्या मैदानात, रांगेतल्या एका चौकोनात ती उकिडवी बसली होती. हात मातीला टेकलेले, टाच उचललेली, आता उठेल आणि पळेल अशी.

बापानं तशीच उचलून घरी नेली. घरात खाली ठेवली तर पुन्हा तशीच बसली, दाराकडं तोंड करून. भरवलं तर खाते, झोप आली तर तिथंच कलंडते, जाग आली की पुन्हा उकिडवी. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत. का उठत नाहीस गं, असं विचारलं की ती एवढंच म्हणते, मला अजून खो मिळाला नाही.

हे दिनकरच्या कानावर आलं. घाबरला तो, चांगलाच घाबरला. चपला पायांत सरकवून तसाच लोहारांकडं गेला आणि दारातूनच म्हणाला, खो.

वेणू त्याच्याकडं बघत राहिली…

"समोरनं चालत नाही, सर."

चुकीचं काय बोलली? पहिल्याच दिवशी त्यानंच शिकवलेलं. पळणाऱ्यानं बसलेल्याच्या मागून यायचं, पाठीवर थाप मारायची, खो म्हणायचं. बसलेला उठून पळणार आणि देणाऱ्यानं त्याच्या जागेवर बसायचं. एवढा साधा नियम, आणि घाबरगुंडीत सरच विसरले.

मग तो आत गेला, तिच्या मागं उभा राहिला आणि पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाला, खो. पोरीची पाठ थरथरली. अर्धवट उठली ती. मान वळवून तिनं एकदा मागं पाहिलं आणि परत खाली बसली.

त्यानंतर ती बोलायचीही थांबली.

"पंचानं मान्य केला असता असा दिला, अण्णा," दिनकर म्हणाला. "मागून दिला, नीट दिला. आता काय तिच्या पाया पडू?"

अण्णांनी वात ताटलीत ठेवली.

"जा. रांगेत बस."

कडक इस्त्रीची पँट घालून मातीत बसायचं दिनकरच्या जिवावर आलं. पण अण्णांपुढं बोलायची सोय नव्हती. दिवस मावळला होता, फक्कीच्या रेघा जेमतेम दिसत होत्या. मधल्या एका चौकोनात तो बसला, देवळाकडं तोंड करून. समोर पायरीवर अण्णा.

"आता?"

"खो मिळेपर्यंत थांब."

…

थोडा वेळ काहीच नाही. मग मागून पावलं ऐकू आली. अनवाणी, हलकी, पळणारी. आळीतली पोरं आली असतील, असं त्याला वाटलं. पावलं थेट त्याच्या पाठीशी आली, मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. त्यानं अंग आवळलं…

पावलं पुढं निघून गेली. पलीकडं कुणाच्या तरी पाठीवर थाप पडली. खो.

पुन्हा तसंच. श्वास मानेपर्यंत यायचा, आणि खो दुसऱ्याला.

मागं बघावंसं वाटलं, पण मान वळेना. त्यानं समोर अण्णांकडं पाहिलं. अण्णा पायरीवरून हलले नव्हते. फक्त त्यांची नजर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, कुणाचा तरी पाठलाग बघावा तशी.

आधी दिनकरला हसू आलं होतं. मग राग आला. आणि मग त्याला फक्त खो हवा होता, दुसरं काही नको होतं. चाळिशी उलटलेला बाप्या, आणि त्याचे डोळे भरून आले. आपण इथं बसलोय हे यांच्यातल्या कुणाला ठाऊक तरी आहे का, असं त्याला वाटलं.

उठून जावं म्हणून त्यानं जोर लावला. पायांना मुंग्या आल्या नव्हत्या, गुडघे दुखत नव्हते. पण खो मिळाल्याशिवाय उठायचं कसं, हेच पायांना आठवेना.

"अण्णा, मला खो द्यायला सांगा त्यांना."

"कुणाला?"

दिनकरनं तोंड उघडलं… सतरंजीवरच्या पोरांची नावं घ्यायची होती. एका वेणूशिवाय त्याला एकही नाव आठवेना. तो मान खाली घालून मुसमुसून रडला.

तेव्हा पाठीवर एक हात पडला. लहानसा, माठासारखा गार.

"खो," कुणीतरी हळूच म्हणालं.

दिनकर उठला तो पळतच पायरीपाशी आला. अण्णांचा गुडघा धरून त्यानं मागं वळून पाहिलं. मैदानात चांदणं पडलं होतं, चिटपाखरू नव्हतं. पण तो बसला होता त्या चौकोनात, त्याच्या चपलांच्या ठशांवर, आता दोन चिमुकली पावलं उमटली होती, अनवाणी. पुढं दोन पंजे. आणि त्याच्या देखत चवड्यांखालची माती आणखी थोडी दबली.

"कोण बसलंय तिथं?" दिनकरनं विचारलं.

अण्णांनी पुन्हा वात हातात घेतली.

"वेणूला खो दिलास म्हणतोस ना, दिन्या? मग तू अजून उभा कसा?"