फणसाखालचं शेवाळ

फार मागची गोष्ट. तेव्हा अवजारांनाही वाचा होती. एका फणसाखाली हरळी पिवळी पडत चालली होती आणि शेजारी शेवाळ मात्र गादीसारखं फुगलं होतं. हरळीला वाटलं, हेच मला गिळतंय. तिने दाताळ्याला हाक मारली, "दादा, एवढं शेवाळ काढा, नाहीतर मी काही वाचत नाही."

दाताळं तावातावाने आलं आणि खसाखसा ओढू लागलं. "जरा वर खाजवा हो, पाठीत," शेवाळ खिदळत म्हणालं. सगळं ओरबाडून झालं, तरी चार दिवसांत ते पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला दाताळंच घसरून उताणं पडलं. गोगलगाय हसून हसून शंखात शिरली. मरायला टेकलेल्या हरळीलाही हसू आवरेना.

"पोरी, तुझं ऊन मी खातोय," फणस वरून म्हणाला. "ते बापडं नुसतं रिकाम्या जागी बसलंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, आजोबा?"

"तुम्ही सगळे खालीच बघत होतात."

हरळीने मान वर केली. कुंपणापाशी ऊन पडलं होतं. तिने हळूच एक धुमारा तिकडे सोडला.

दाताळं पडल्या जागीच राहिलं. पावसाळ्यात त्याच्या दांड्यावर शेवाळ चढलं, तशा गुदगुल्या होऊन दाताळंही खुदखुदू लागलं.