अक्रोडाचा दस्ता

लाकडालाही स्वप्नं पडत, त्या काळची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका गावात इमामभाई बंदुका घडवीत. एकदा वनराखे हैबतराव आले आणि भिंतीवरची तयार रायफल खांद्याला लावून म्हणाले, "ही टोचते. माझ्या मापाची घडवा."

इमामभाईंनी त्यांच्या खांद्याचं माप घेतलं आणि खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्यासाठी अक्रोडाचा एक ओंडका निवडला. "हा वाळायला काही वर्षं लागतील. तोवर ही तयार घेऊन जा. रानात रिकाम्या हाताने फिरू नका."

ओंडका माळ्यावर निजून राहिला. कौलांतून झिरपणाऱ्या उन्हात त्याला हैबतरावांचा रुंद खांदा दिसे, गालाची ऊब जाणवे. त्या टोचणाऱ्या रायफलीची त्याला कीव येई.

अखेर त्याचा दस्ता झाला. तेल पिऊन त्याच्या रेषा मधासारख्या उजळल्या. हैबतराव आले, तेव्हा त्यांचे केस पिकले होते. त्यांनी नवी रायफल खांद्याला लावली, पुन्हा लावली आणि हलकेच खाली ठेवली.

"माप चुकलं का?" इमामभाईंनी विचारलं.

"नाही. खांदाच उतरलाय माझा."

त्यांनी बरोबर आणलेली जुनी रायफल शेजारीच टेकलेली होती. दस्त्याने तिला हळूच विचारलं, "तू त्यांच्या अंगाला बसलीस तरी कशी?"

"थोडी मी झिजले, थोडे ते वाकले," ती म्हणाली. "रोज बरोबर हिंडलो, एवढंच."

हैबतराव तिला घेऊन गेले. इमामभाईंनी नवी रायफल विकायला भिंतीवर टांगली. त्यानंतर दस्त्याला कुणाच्या खांद्याचं स्वप्न पडलं नाही. दाराबाहेर पावलं वाजली की तो नुसता कान देऊन ऐके.