शनिवारची चूल

“...तर मग उरलं काय, बाबा? तेवढं सांगा.”

विश्वंभरशास्त्री हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता.

भागनाथबाबा झावळीची पाती विणत बसले होते. नजर गेली होती, पण बोटं शहाणी होती. ती आपली चालूच होती.

“वेद झाले. कुराण अरबीतून वाचलं. मोशेचे पाचही ग्रंथ इब्रीतून पाठ केले. बारा वर्षं घातली, बाबा. आता कोणाचा धर्म समजायचा राहिलाय माझा?”

बाबांनी एक पातं उलटं वळवलं.

खारवलीच्या खाडीकाठी बाबांची मढी होती. कोळी, आगरी, मुसलमान, इस्राएली, कुणाचं कुणाशी बिनसलं की माणसं मढीत यायची. बाबा ऐकायचे, दोन शब्द बोलायचे, आणि आलेली माणसं एकाच वाटेनं परत जायची. आता बाबा थकले होते. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी खारवलीच्या पाचही वाड्यांची माणसं जमणार होती. बाबांच्या आसनावर पुढं कोण बसणार, ते ठरायचं होतं.

विश्वंभराला वाटे, दुसरं आहेच कोण? पण बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. त्याला तेच सलत होतं.

“आज वार कुठला रे?” बाबांनी विचारलं.

“शनिवार.”

“मग एलोजी तेल्याकडे जाऊन ये.”

“जाऊन काय करू?”

“बसून ये थोडा.”

*

एलोजी म्हणजे शनिवारतेली. त्याचे वाडवडील यहुदी धर्माचे. किती पिढ्यांमागं कोकणात उतरले, ते खाडीलाच ठाऊक. शनिवारी ही मंडळी घाणा बंद ठेवतात, काम म्हणून कशाला हात लावत नाहीत. म्हणून गावानं त्यांना ते नाव दिलेलं.

विश्वंभर पोचला तेव्हा घाणा उभा होता. बैल सावलीत रवंथ करत होता. पौषातला वारा खाडीवरून थेट पडवीत घुसत होता. एलोजी धुतलेलं धोतर नेसून बसला होता. त्याची बायको सेगुलाबाई घोंगडीत गुरफटून खोकत होती. तीन दिवस तिचा घसा धरला होता.

“या, शास्त्रीबुवा, या,” एलोजी उठून म्हणाला. “गारठा आहे नाही आज?”

“आहे खरा.” विश्वंभर बसला, आणि बसल्या बसल्या सुरू झाला. “तुमचा हा शनिवारचा विसावा आहे ना, त्याचं मूळ सांगतो तुम्हाला...”

त्यानं मूळ सांगितलं. इब्री वचन म्हणून दाखवलं, त्याचा अर्थ सांगितला. मग त्या अर्थावर जुन्या पंडितांनी काय वाद घातला तोही सांगितला.

एलोजी मान हलवत होता. मधे एकदा म्हणाला, “गारठा फारच आहे हो.”

“हो. तर मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा...”

“आमच्या शेजारची सखू आज आली नाही,” सेगुलाबाई कुणाकडेच न बघता म्हणाली. “भावाकडे गेलीय. दर शनिवारी येते.”

“असं का? येईल, येईल,” विश्वंभर म्हणाला, आणि मोशेला डोंगरावरून पुरता उतरवून मगच थांबला.

निघताना एलोजीनं हात जोडले.

“एवढं तर माझ्या आज्यालासुद्धा माहीत नव्हतं, शास्त्रीबुवा. सांभाळून जा. गारठा आहे.”

*

विश्वंभर मढीत शिरला तो छाती काढूनच.

“झालं, बाबा. त्यांच्या धर्माचं मर्म त्यांनाच समजावून आलो.”

“वा! एलोजी काय म्हणाला?”

“तो काय म्हणणार! गारठा आहे म्हणाला.”

“किती वेळा?”

“तीन वेळा असेल.”

बाबांची बोटं थांबली.

“चूल पेटली होती?”

“कशी पेटेल? आज शनिवार. ‘तुमच्या घरांतून विस्तव पेटवू नका,’ असं ग्रंथातच आहे त्यांच्या.”

“मग पेटव म्हणून कुणाला सांगायचं.”

“तेही चालत नाही. दुसऱ्याकडून करवून घेणं म्हणजे आपण केल्यासारखंच...”

विश्वंभर बोलता बोलता अडला.

“पुढं?” बाबा म्हणाले.

त्याच्या डोळ्यांपुढं पडवीतून दिसणारी ती चूल आली. लाकडं नीट रचलेली. वर पाण्यानं भरलेलं पातेलं. शेजारी पाटावर आल्याचा तुकडा, गवती चहा, गूळ. कोनाड्यात काड्यांची पेटी. सगळं आदल्या दिवशीच मांडून ठेवलेलं. तासभर ते समोर होतं. त्यानं पाहिलंही होतं.

“विस्तव पेटवू नका,” बाबा हळूच म्हणाले. “हे देवानं कुणाला सांगितलं रे?”

“त्यांना.”

“आणि तुला?”

उपरणं तिथंच टाकून विश्वंभर पळत सुटला.

*

खाजणाच्या बांधावरून शास्त्री धोतर खोचून धावतोय, हे खारवलीनं कधी पाहिलं नव्हतं. जाळी विणणारे कोळी उठून उभे राहिले.

“ओ शास्त्रीबुवा! बैल लागला का पाठी?”

तो थांबला नाही. एलोजीच्या घरात शिरला आणि थेट चुलीपुढं बसला.

आता खरी गंमत पुढंच होती. तीन धर्मांचे ग्रंथ पाठ केलेल्या या माणसानं जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी त्यानं थेट जाडजूड ओंडक्याला लावली. ओंडक्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

नवराबायको बघत राहिली. तोंडानं सांगायची तर चोरी.

“आमची सखू,” सेगुलाबाई छपराकडे बघत म्हणाली, “हुशार हो भारी. आधी चोडाचा भुगा घालते ती.”

विश्वंभरानं नारळाचं चोड, ती वरची काथ्याची साल, पुढं ओढलं. पिंजून खाली घातलं, पुन्हा काड्या लावल्या.

“आणि फुंकते कशी?” एलोजीनं बायकोला विचारलं, जशी काही त्याला आजच सखूची चौकशी सुचली. “नळीनं, नाही का?”

“नळीनंच! बिनानळीचं फुंकलं तर राख तोंडावर येते. सखू सांगत होती.”

तोवर राख तोंडावर आलेली होती. विश्वंभरानं नळी शोधली. डोळ्यांतून पाणी, नाकात धूर. त्यानं जीव एकवटून फुंकर मारली. चोड लाल झालं. पुन्हा मारली. भक्कन जाळ उठला!

“पेटली!” विश्वंभर ओरडला. “पेटली हो, पेटली!”

वेदांची परीक्षा पुरी झाली होती तेव्हाही तो असा ओरडला नव्हता. बाहेर बांधावर कोळ्यांनी एकच आरोळी ठोकली.

पाणी उकळलं. त्यानं आलं ठेचलं, गवती चहा टाकला, गूळ टाकला. काढा गाळून पेला सेगुलाबाईपुढं धरला.

तिनं हात पुढं केला नाही.

“सखू आधी आपला पेला भरून घेते,” ती म्हणाली. “विस्तव तिनं तिच्यासाठी पेटवलेला असतो ना. मग उरलेलं आम्ही घेतो.”

विश्वंभरानं पेल्याकडे पाहिलं. त्याच्या घराण्यात परक्याच्या पाण्याला कुणी ओठ लावला नव्हता. वडिलांनी नाही, आजोबांनी नाही. वाड्यावाड्यांतून फिरताना तो स्वतःचा तांब्या काखेत घेऊन फिरे. आणि हे तेल्याच्या घरचं पाणी, तेल्याच्याच पातेल्यातलं...

सेगुलाबाईला खोकल्याची उबळ आली. दोन्ही हातांनी छाती दाबून धरत ती वाकली.

त्यानं पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला. मग सगळा प्यायला.

“गोड झालाय,” तो म्हणाला.

“आता द्या हो, भरून द्या!” सेगुलाबाई हसली. तिच्या दोन्ही हातांत गरम पेला आला. पहिल्या घोटानंच तिचा चेहरा सैलावला, आणि तिनं इब्रीतला कसलासा आशीर्वाद पुटपुटला. त्याचा अर्थ विश्वंभराला येत होता. पण आज त्यानं तो सांगितला नाही.

*

तो मढीत परतला तेव्हा माणसं जमू लागली होती. कोळीवाड्याचा पाटील होता, काझीसाहेब होते, आगरी म्हातारे होते. सगळे त्याच्याकडे बघून तोंडावर हात धरत होते. त्याचं कपाळ काळं, नाक काळं, एक मिशी राखाडी.

बाबांनी चाहूल ऐकली. हातातली पाती खाली ठेवली. मग गुडघ्यांवर जोर देत उठले, चाचपत दोन पावलं बाजूला आले आणि जमिनीवर बसले.

आसन रिकामं झालं.

“बाबा...” विश्वंभर दारातच थबकला. “सकाळी मी तुम्हाला विचारत होतो, उरलं काय म्हणून...”

“पेटली का?”

“पेटली, बाबा. दुसऱ्या काडीला नाही पेटली. तिसऱ्या... नाही, चौथ्या.”

बाबा मोठ्यानं हसले. बाहेरची माणसंही हसली. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“मग ये. बस.”

“बसतो. आधी तोंड धुऊन येतो.”

“धुऊ नकोस,” बाबा म्हणाले. “नाहीतर ही माणसं तुला शास्त्रीबुवा समजतील.”