पिंप निवडुंगाचे उपकार

शके अठराशे एकवीसच्या वैशाखात एक कोल्हा तहानेनं मरायला टेकला होता. माळावरच्या गोल निवडुंगाला सगळे 'पिंप' म्हणत. आत पाणी असणार, असं समजून कोल्हा त्याला दात लावायला गेला.

"थांब रे मुडद्या!" निवडुंग ओरडला. "आत पाणी नाही, कडू गर आहे. खाल्लास तर हगून मरशील. डोक्यावरची पिवळी फळं खा."

"आणि काटे?"

"काटे मला आहेत. फळाला एकही नाही."

कोल्ह्यानं भीतभीत एक फळ ओढलं. आंबट होतं, पण तोंडाला ओल आली. मग त्यानं बियांसकट सगळी फळं फस्त केली. जीव वाचला.

"पिंपराव, हे उपकार कसे फेडू?"

"लांब जाऊन हग. पोरं माझ्या बुडाशी उगवली, तर माझंच पाणी पितील."

कोल्हा टेकडीपलीकडे गेला, बसला आणि उपकार फेडून उठला.