टाळ्यांतली हाक

"टाळ्या थांबवायच्या कशा, अण्णा?"

हा प्रश्न ऐकून म्हातारा डोळे मिटून घेईल, असं नीलांबरीला वाटलं होतं. दशावतारात लुगडं नेसून राण्या आणि आया उभ्या करण्यात ज्याचा जन्म गेला, असा माणूस. सावंतवाडीपलीकडचं आडगाव. त्याच्या घरी टीव्हीसुद्धा नसेल, असं ती धरून चालली होती.

टीव्ही होता. धाकूअण्णा तिची मालिका एकही दिवस चुकवत नसत.

"ता ऱ्हवांदे गो," ते म्हणाले. "आधी सांग, तुझी ती सासू तुरुंगात जातली काय नाय?"

"मलाच माहीत नाही, अण्णा. लेखकानं अजून लिहिलेलं नाही."

अंगणात जमलेल्या बाया हसल्या. त्यांच्यापैकी कुणीच तिला नीलांबरी म्हणत नव्हतं. गावात मालिकेतली वसुधा आली होती.

"मी नाटकाचं विचारतेय," ती म्हणाली.

"मगे, सांग."

तिनं सांगितलं. नाटकात ती आई आहे. मुलगा गेल्याचं कळतं, ती धावत येते, त्याला हाक मारते. पण तिनं पाऊल टाकलं, की नाट्यगृह टाळ्यांनी दणाणतं. वसुधा आली! पुढे दोन तास लोक वसुधालाच बघत राहतात. त्या आईसाठी कुणाचा डोळा ओला होत नाही.

"दिग्दर्शक म्हणतो, लोक तुला बघायला आले, बघून गेले. मी निर्मात्याला विनवलं, जाहिरातीतून माझं नाव काढा. तो म्हणाला, नाव काढलं तर तिकीट कोण काढणार, ताई?"

शनिवारी प्रयोग होता. त्याआधीच नाटक सोडायचं, असं तिनं ठरवत आणलं होतं.



अण्णा उठले, धोतर सावरलं, आणि सारवलेल्या अंगणात सरळ उताणे आडवे झाले.

"मामांनू, कंबर धरली तर माका सांगू नकात!" सून ओटीवरून ओरडली.

"गप गो. मी मेलंय." अण्णांनी डोळे मिटले. "वसुधा, तू माझी आवस. ये."

नीलांबरी कुंपणाबाहेर गेली. तिथून धावत आत आली.

बायांना राहवलं नाही. टाळ्या पडल्या. एकीनं मोबाइल वर धरला.

नीलांबरी थबकली. हनुवटी किंचित वर, हात अर्ध्यावर. टाळ्या ओसरायची वाट बघत ती उभी राहिली.

मेलेला मुलगा जमिनीवरून बोलला, "आये, तुझा आटपला काय? मी हय थंड पडत चललंय."

बाया खो खो हसल्या. नीलांबरीचे कान तापले.

"थांबावंच लागतं!" तिचा आवाज चढला. "नाहीतर पहिलं वाक्य टाळ्यांत बुडतं."

"बुडांदे."

"प्रेक्षकांना ऐकूच जाणार नाही ते!"

अण्णांनी एक डोळा उघडला. "काय ता वाक्य?"

"हाकच. मुलाचं नुसतं नाव."

अण्णांनी तो डोळा पुन्हा मिटला. सुनेनं चहा आणला, तरी उठले नाहीत...

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलांबरीनं निर्मात्याला फोन केला. शनिवारी ती उभी राहणार होती. जाहिरातीत नाव राहू दे, हवं तर आणखी मोठं छापा. टाळ्या पडतील तेवढ्या पडू देत. ती थांबणार नव्हती.

निरोप घ्यायला ती अण्णांकडे गेली. ते पडवीत दाढी करत बसले होते.

"न थांबता हाक मारीन, अण्णा. ऐकू गेली तर गेली."

"कोणाक?"

"लोकांना."

"आणि पोराक?"

ती गोंधळली. "तो तर गेलेला असतो. त्याला कुठून ऐकू येणार?"

अण्णांनी गालावरचा वस्तरा थांबवला.

"तेका ऐकूक येयपर्यंत मार."