महाराजांची मिशी आणि पितळी काडतूस

कोळदुर्गच्या भुजंगराव महाराजांची अर्धी मिशी जळाली आणि कोठडीत गेला नाथा तांबट!

त्याचं असं झालं. महाराजांनी विलायतेहून मागच्या बाजूनं भरायची नवी बंदूक मागवली होती. शेजारच्या राजांना जळवायला संस्थानात दुसरं होतं काय? शाळा नव्हती, धड रस्ता नव्हता. निदान बंदूक तरी हवी! पण दसऱ्याच्या सलामीला पावसाची सर आली, कागदी काडतुसं भिजली आणि बंदूक सर्वांसमक्ष नुसतीच 'फुस्स' म्हणाली. शेजारचे राजे रुमालात तोंड लपवून हसले.

मग पितळी काडतूस करायचं ठरलं. शस्त्रागाराचे दारोगा हैबतराव यांनी जन्मात एकदाही बंदूक झाडली नव्हती. त्यामुळे साहजिकच सगळे निर्णय त्यांच्याकडे होते. त्यांनी नाथाला बजावलं, "खुद्द महाराजांचं काडतूस आहे! पत्रा चांगला जाड घे. पातळ भांडी गरिबाच्या चुलीवर!"

नाथानं जाड नळी ठोकली. बूड बंद, आत दारू, तोंडाशी गोळी. ती नळी बंदुकीत घट्ट बसली. गोळी सुटली, पण रिकामी नळी आत अशी रुतली की चार शिपाई गज घालून दुपारपर्यंत ठोकत होते.

"सैल कर!" दारोगा ओरडले.

नाथानं दुसरी सैल केली. बार उडाला, नळीच्या कडेनं जाळ मागं फिरला आणि महाराजांची उजवी मिशी संस्थानच्या कामी आली.

महाराजांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला, "काडतूस जाताना सैल जायला हवं, बार उडताना घट्ट बसायला हवं आणि निघताना पुन्हा सैल निघायला हवं! आठ दिवसांत झालं नाही, तर तांबट आळीतल्या बाराही भट्ट्यांवर पाणी ओता!"

"वा, काय हुकूम!" दरबारी माना डोलवू लागले. हुकूम अशक्य होता, म्हणून तर जास्तच डोलवल्या.

"महाराज, मी करते!" मागून आवाज आला. नाथाची मुलगी भिवरा पुढं आली. वडिलांच्या शेजारी बसून ठोके घालत वाढलेली पोर. तळहात दगडासारखे, जीभ त्याहून टणक.

"तू?" दारोगा फिसकन हसले. "तुझ्या बापाला जमलं नाही ते!"

"आबांनी तुमचं ऐकलं, दारोगासाहेब. मी ऐकणार नाही. एवढाच फरक."

त्या संध्याकाळी कोठडीच्या गजांतून नाथा कुजबुजला, "पोरी, उगा जीभ चालवू नकोस. बारा घरांच्या चुली आहेत."

"आबा, शेवटचा ठोका तुम्ही नेहमी जरा जास्तीचा का मारता?"

"का म्हणजे? पितळ ठोका बसला की फुगतं आणि हात उचलला की थोडं मागं येतं. साधं भांडं नाही का केलंस तू कधी?"

"तेच म्हणते मी," भिवरा म्हणाली आणि पळाली.

आठ दिवस तांबट आळीत ठोक्यांचा आवाज थांबला नाही. आठव्या दिवशी मैदानावर तिनं काडतूस पुढं केलं. दारोगा ते चिमटीत धरून किंचाळले, "अगं, हे पातळ आहे! महाराजांना पातळ?"

"बूड जाड आहे. अंग पातळ आहे आणि तोंडाकडं किंचित निमुळतं. तोंड तापवून मऊ केलंय."

"मग झाडा बघू," महाराज म्हणाले आणि दहा पावलं मागं सरकले. डाव्या मिशीवर त्यांचा हात होता.

दारोगांनी सरदारांकडं पाहिलं. सरदारांनी आभाळाकडं पाहिलं. दोनशे वर्षांच्या पराक्रमाचा इतिहास असलेली ती मंडळी. एकालाही पाय उचलवेना!

"द्या इकडं," भिवरा म्हणाली. "मला मिशी नाही."

काडतूस अलगद आत गेलं. धडाड्! समोर निशाण म्हणून ठेवलेल्या माठाच्या ठिकऱ्या उडाल्या. मागं ना जाळ, ना धूर. तिनं बंदुकीच्या मागची कळ ओढली आणि रिकामी नळी टुणकन गवतात पडली.

महाराज धावत आले. "जाताना सैल, आत घट्ट, निघताना सैल! हे कसं काय केलंस?"

"नवं काही नाही, महाराज. अशी वस्तू तुमच्या दरबारात रोज दिसते."

"दरबारात?"

"हे सरदारच बघा ना! दारातून येताना कसे वाकून, अंग चोरून येतात. आत काही पेटलं, की लगेच फुगून दार अडवतात. धूर म्हणून बाहेर जाऊ देत नाहीत. आणि सगळं निवलं, की काही झालंच नाही असे अलगद सटकतात! माझं पितळ तेच करतं. दारूचा दाब बसला की फुगतं, दाब सरला की मागं येतं. फक्त त्याला पातळ असावं लागतं. जाड झालं की कशानंच हलत नाही," तिनं दारोगांकडं नजर टाकली, "तेही आपण पाहिलंच."

मग महाराजांची उरलेली मिशी थरथरली आणि ते असे खदखदून हसले की घोडे बुजले. सरदारही हसले, महाराज हसतायत म्हटल्यावर करतात काय!

"नाथाला सोडा! भट्ट्यांना हात लावू नका! आणि पोरी, तू बक्षीस माग. गाव माग, सोनं माग!"

"गाव नको, महाराज. गोळी तुमची, रिकामी नळी आमची. जितके बार काढाल तितकं पितळ तांबट आळीत परत यावं. त्याचे तांबे करू. या गावात पाणी प्यायला भांडी कमी आहेत, बंदुका नाहीत."

"दिलं!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि नळ्या वेचायचं काम आजपासून आमच्या दारोगांचं!"

हैबतराव वाकले, अंग चोरलं, आणि गवतातून पहिली नळी उचलून त्यांनी भिवराच्या ओंजळीत ठेवली. अजून गरम होती.